परतीची ओळ

१

धुळ्याची थंडी बाहेरगावच्या माणसाला खरी वाटत नाही. जळगावचे माझे व्याही मला नेहमी चिडवायचे, "बन्सीलालशेठ, ज्या मुलखात मे महिन्यात रस्त्याचं डांबर वितळतं, तिथं कसली हो थंडी?" एका जानेवारीत त्यांना आग्रह करून मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी मोरीच्या दारात टॉवेल गुंडाळून उभे, बादलीत बोट घालायची हिंमत होईना. शेवटी म्हणाले, "पटलं शेठ. आता गरम पाणी द्या."

माझं देवपुरात भांड्यांचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, बाकी जे काही शिकलो ते गादीवर बसून. गाणंसुद्धा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाट्या, तांबे, पेले एकाशेजारी एक मांडायचो आणि चमच्यानं वाजवून सा रे ग म जुळवायचो. एकदा असाच खेळत होतो, तर पायरीवर एक उंच, काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "शेठ, तुमचा निषाद चढा आहे."

मला वाटलं, भाव पाडतायत. म्हटलं, "घ्यायचा असेल तर उतरवून देऊ."

ते इतके हसले की पायरीवरच बसले.

ते जीवरामनाना. एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले आणि बंदिशी रचणारे. पनघट, मुरली, ननंद, सास हे सगळं त्यांनी तरुणपणीच सोडून दिलं होतं. ते अहिराणीत रचायचे. राग पक्का, ताल पक्का आणि शब्द आपल्या चुलीपुढचे. बाहेरचे गवई पहिल्यांदा ऐकून गालात हसायचे आणि सम आली की हसू विसरायचे. नानांना तंबोरा धरायला माणूस हवा होता, मला ऐकायला जागा हवी होती. दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी त्यांच्या घरी जायचं, हे तेव्हापासूनचं.

नानांची काम करायची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते पुढच्या खोलीत, चौकाकडे तोंड करून बसायचे. मधे उघडा चौक, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर. तिथं मंदाअक्का, त्यांच्या मिसेस, भाकरी करत असायच्या. घरात ओटा झाला, गॅस आला, तरी अक्का शेगडी खाली ठेवून पाटावर बसूनच भाकरी थापायच्या. नानांनी एक ओळ गायची आणि गप्प बसायचं. चौकापलीकडून, थापण्याच्या लयीत, अक्का तीच ओळ परत द्यायच्या. जशीच्या तशी नाही. एखादा सूर गाळून, एखादा शब्द जरा मागे ओढून. नाना तेच कायम करायचे. आणि एखादी ओळ परत आलीच नाही, तर ती तिथंच मेली. "भाकरी थापता थापता जी म्हणता येत नाही, ती ओळ माझी नाही," असं त्यांचं म्हणणं. लग्न झाल्यापासून त्यांची एकही बंदिश या वाटेशिवाय घराबाहेर पडली नव्हती.

मी नवा होतो तेव्हा प्रत्येक ओळीला "वा, वा" करायचो. एकदा स्वयंपाकघरातून आवाज आला, "बन्सीभाऊ, चहा गोड झाला म्हणून बंदिश गोड झाली का? थांबा की जरा. मी कुठं परत दिलीय अजून?"

नाना म्हणाले, "ऐकलं? या घरात वा म्हणायचा हक्क एकाच माणसाला."

२

भाऊबीज झाली आणि अक्कांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत ऊन येतं म्हणून त्यांची खाट तिथंच टाकली, नानांच्या बैठकीमागच्या भिंतीला लागून. डोळे शाबूत होते. डावा हात शाबूत होता. सगळं कळत होतं, तोंडातून मात्र "अं" देखील निघत नव्हतं.

डॉक्टर हितेंद्र तरुण, पण माणूस मनानं चांगला. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाना, बोलण्याची जागा गेली म्हणजे गाण्याची गेलीच असं नाही. एक शब्द न बोलू शकणारी माणसं कधी कधी अख्खं गाणं म्हणतात. तुम्ही तर गवई. गाऊन बघा."

बुडत्या माणसाच्या हातात दोर दिला की तो दोर कुठे बांधलाय ते तो बघत नाही. नानांनी त्याच सकाळी तंबोरा लावला.

त्यांची मुलगी रूपाली जळगावला, पिंप्राळ्यात राहते. ती येऊन सगळं बघून गेली. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "नाना, संक्रांत झाली की मी आईला घेऊन जाणार. तुम्हीही चला. इथं तुमच्याच्यानं होणार नाही."

"आणि तोवर तिनं एक ओळ परत दिली तर?"

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. मी तंबोऱ्याच्या गवसणीच्या गाठी सोडत बसलो. ती म्हणाली, "दिली तर मीच सगळं सोडून इथं येऊन राहीन. आईची शपथ."

तिनं ते बापाचं मन राखायला म्हटलं. नानांनी ते सौदा म्हणून धरलं.

तोडीत एक मुखडा बांधला त्यांनी: *कोन उना वं दारमा, थंडी पडनी शे.* दारात कोण आलं गं, थंडी पडलीय. साधी ओळ, लहान मुलालाही येईल अशी. मुद्दामच तशी. ती गायची आणि थांबायचं. मी तंबोरा छेडतोय, छेडतोय, आणि नाना मान तिरकी करून ऐकतायत. पुन्हा ओळ. पुन्हा थांबणं. त्या थांबण्याची मला धास्ती बसली. जेवणाची शुद्ध नाही, आंघोळीची नाही, गळ्यातून सुराऐवजी खरखर यायला लागली तरी थांबेनात. सरिता म्हणून एक बाई अक्कांचं करायला यायची. ती ताट ठेवायची, तीच तसंच उचलायची.

एक गोष्ट मी रोज पाहत होतो आणि पाहून न पाहिल्यासारखी करत होतो. अक्का नानांच्या पाठीमागे होत्या. नाना बसत होते ते नेहमीसारखेच, चौकाकडे तोंड करून. ओळ जात होती ती रिकाम्या स्वयंपाकघराकडे. आयुष्यभराची बैठक, माणूस कशी बदलणार? मला वाटलं, एवढ्यातेवढ्यावरून कशाला टोकायचं. सूर काय, पाठीमागेही जातोच.

३

पौषातली सकाळ. ऊन अजून दारापुढच्या ओट्यावर आलं नव्हतं. खोलीत इतकं गार की नानांच्या प्रत्येक ओळीबरोबर तोंडातून वाफेचा एक लोट निघायचा आणि विरायचा. अक्कांची रजई सरकली होती. ती नीट करायला मी एका हातानं तंबोरा सांभाळत त्यांच्याकडे वळलो.

नानांची ओळ संपली. आणि ती परत आली.

*थंडी पडनी शे* मधला 'शे' जरासा मागे ओढून, अगदी अक्का ओढायच्या तसा. कोमल गंधार केसभर खाली, अक्कांचाच.

नाना गुडघ्यांवर वळले, सरपटत खाटेपाशी गेले. "मंदा! मंदा, परत म्हन ना वं! फकत एकदाव!" त्यांनी अक्कांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडलो. खोटं कशाला सांगू, सरितासुद्धा दारात पदर तोंडाला लावून रडली. मी जाऊन पेढे आणले. रूपालीला फोन लावला. ती हुंदके देत म्हणाली, "काका, फोन तिच्या तोंडाशी धरा." धरला. श्वास तेवढा ऐकू गेला.

दुकानात आलो, कुलूप काढलं, आणि शटर वर ढकलता ढकलता हात थांबला. मी त्या वेळी अक्कांकडेच तर बघत होतो. ओठ मिटलेले होते. नाकाशी वाफेची एक बारीक दोरी होती, संथ, झोपलेल्या माणसासारखी. ओळ चालू असताना ती दोरी हललीसुद्धा नाही.

मग मनाला म्हटलं, बन्सीलाल, तू क्षणभर आधी पाहिलं असशील, क्षणभर नंतर पाहिलं असशील. आनंदात माणसाला नीट दिसत नाही. आणि अक्कांच्या डोळ्यांत मला जे दिसलं होतं त्याला मी आनंदच म्हणायचं ठरवलं.

४

आता मी भांडीवाला. दुकानात कोणी मोठ्यानं शिंकलं तरी वरच्या फळीवरचं एखादं घंगाळ घुमतं, हे मला ठाऊक. स्वयंपाकघरात अक्कांची माहेरची पितळी भांडी मांडलेली होती. म्हटलं, नानांचा सूर तिथं आदळतो आणि भांडी तो परत देतात. अक्कल शाबूत ठेवायला असा एखादा हिशेब लागतो.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी आणि सरितानं एकूणएक भांडं चौकात काढलं आणि वर गोधडी घातली. स्वयंपाकघरात राहिली ती शेगडी, पाट आणि भिंती. नाना बसले. ओळ गायले.

ओळ परत आली. आदल्या दिवसापेक्षा स्वच्छ. शब्द न् शब्द.

सरिता अक्कांचं तोंड पुसत होती. तिनं ओल्या फडक्यासकट हात मागे घेतला, एकदा अक्कांच्या मिटल्या ओठांकडे पाहिलं, एकदा चौकाकडे. मग मला बाहेर बोलावून म्हणाली, "शेठ, मी आते मझार नही जास." म्हणजे आता ती आत स्वयंपाकघरात जाणार नव्हती. तेव्हापासून ती चहा घरून थर्मासात करून आणायची, आणि चौक ओलांडायचा नाही म्हणून मागच्या नळाऐवजी रस्त्यावरच्या नळाचं पाणी भरायची.

आवाज रोज सुधारत गेला. आधी एकदाच येणारी ओळ दोनदा यायला लागली, मग जागा घेऊन, मग छोट्या ताना घेऊन. नाना दाढी करायला लागले. जेवायला लागले. स्वच्छ सदरा घालून बसायला लागले. "बघितलंस बन्सी? डॉक्टर म्हणत होता तेच झालं."

आणि अक्का? दवाखान्यातून आल्या तेव्हा त्यांची डावी बोटं रजईवर तीनताल धरायची. ती थांबली. मग गिळणं अवघड झालं, पाणीही बाहेर यायला लागलं. डॉक्टर हितेंद्रनं येऊन नाकातून नळी घातली. "दुसरा बारीक झटका असू शकतो," म्हणाला. "थंडीत होतं असं."

धंद्यात एक गोष्ट बापानं शिकवली होती. गोदामात माल आपोआप वाढत नसतो. इकडची थप्पी वाढली तर समजायचं, कुठली तरी दुसरी थप्पी उतरलीय. मला ते आठवायचं नव्हतं. पण रोज सकाळी तंबोरा मांडीवर घेतला की तेच डोक्यात यायचं.

एक दिवस मी तंबोरा भिंतीला टेकवून चौकात गेलो. नाना आपल्या तंद्रीत होते. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा एक तिरका पट्टा आत पडला होता, पाटापर्यंत. पाट रिकामा. आत पाऊल टाकायची छाती झाली नाही, उंबऱ्याशी उभा राहिलो. नानांची ओळ माझ्या पाठीवरून आत गेली. थोडा वेळ काही नाही.

मग त्या उन्हात, पाटावर बसलेल्या बाईचं तोंड जिथं येईल तिथं, वाफ दिसली. ओळीएवढी लांब. ओळ संपली तशी विरली.

जमीन ओली असेल, ऊन पडून वाफ धरली असेल. मी वाकून फरशीला हात लावून पाहिला. कोरडी होती, आणि इतकी गार की हात झटकला. मी वाकलेलाच होतो तेवढ्यात कानाजवळून, अगदी कानाजवळून, अक्का गायल्या. नानांनी ओळ न देताच. नवे शब्द होते:

*मी ते घरमाच शे, दार लाई ल्या.*

मी तर घरातच आहे. दार लावून घ्या.

पुढच्या खोलीतून नाना आनंदानं ओरडले, "अंतरा! बन्सी, अंतरा मिळाला रे!"

५

नानांना बाहेर ओट्यावर घेऊन बसलो. ऊन चांगलं आलं होतं. समोरून शाळेची पोरं सायकलींवर चालली होती, हातगाडीवर भरताची हिरवी वांगी विकायला आली होती. असल्या उजेडात बोललं की बोलणं सरळ राहतं असं मला वाटलं.

"नाना, ओळ अक्का देत नाहीत."

ते वांग्यांच्या गाडीकडे बघत राहिले. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"बन्सी, मंदाचा आवाज कुठून येतो हे मला तू सांगणार? तो माझ्या पाठीमागून आयुष्यात कधी आला नाही. समोरून येतो. स्वयंपाकघरातून."

"अक्का खाटेवर आहेत, नाना!"

"आहे ना. मी नाही कुठं म्हणतो?" त्यांचा आवाज फाटला. "पण खाटेवरून ती मला काही देऊ शकत नाही रे. हाक नाही, शिवी नाही. भांडायची माझ्याशी, आठवतं? मीठ कमी पडलं तर बंदिशीतनं टोमणा मारायची. आता ती माझ्याकडे बघते आणि मला तिथं बघवत नाही. आणि समोरून ती देते. जशी द्यायची तशी देते. मी गायचं थांबवलं तर तेही बंद होईल. मग माझ्याजवळ राहिलं काय?"

"अक्का राहतील."

मी त्यांचे मांडीवरचे हात धरले. "नाना, तुम्ही शिष्याला काय सांगता? ज्याला द्यायचंय त्याच्याकडे तोंड करून गा. एकदा वळून बसा. एकदा त्यांच्याकडे बघून गा. मग मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

ते उठले. आत जाऊन खरंच त्यांनी आपली बैठक फिरवली. चौकाकडे पाठ, खाटेकडे तोंड. अक्कांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत ते पाहिलं, ज्याला कोणीही आनंदच म्हटलं असतं. डावा हात रजईतून बाहेर आला.

नानांनी तंबोऱ्यावर कान ठेवला, षड्ज मनात धरला आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ 'को' म्हणण्यासाठी गोल झाले, आणि आवाज नाही. पुन्हा. पुन्हा. घाम फुटला त्या थंडीत. "येत नाही," ते पुटपुटले, कानाला ऐकू येईल न येईल असं. "बन्सी, इकडे तोंड केलं की येतच नाही रे."

चौकापलीकडून हलकेच आलं, *दार लाई ल्या...* लाडानं, समजूत घातल्यासारखं.

नाना बसल्या जागी फिरले. मी त्यांना फिरताना पाहिलं, पण ते स्वतः फिरले असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. अक्कांचा हात तसाच हवेत राहिला. मी तो रजईखाली घेतला.

त्या दिवशी रूपालीला ऐकवावं म्हणून मी फोनवर थोडं रेकॉर्डिंग केलं होतं. फोन नानांच्या गुडघ्याला टेकून ठेवला होता. दुकानात बसून ऐकलं. दोन्ही आवाज होते, नानांचा आणि अक्कांचा. दोन्ही सारखेच लांबून आल्यासारखे. माझा फोन जुना आहे, त्याचा माइक गेला असेल. असं म्हणून मी तो गल्ल्यात टाकला, आणि लगेच बाहेर काढून रूपालीला लावला.

"संक्रांतीनंतर नको. उद्याच ये. गाडी घेऊन ये."

"काका, काय झालं? आई गातेय म्हणून तुम्हीच तर पेढे वाटले ना!"

"ये बाई तू. आईला घेऊन जा. हवं तर बापाला हातपाय बांधून ने, पण दोघांना घेऊन जा इथून."

६

दुसऱ्या दिवशी भोगी होती. गल्लीभर तीळ भाजल्याचा वास होता. सरिता आली नव्हती. आत गेलो तेव्हा गाणं चालूच होतं. तंबोरा गवसणीत, कोपऱ्यात. नाना आपल्या जागी, चौकाकडे तोंड करून, पाठ ताठ. इतकं सुंदर गाणं मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. म्हातारपणाची खरखर गेली होती. ओळ जायची, परत यायची, दोघांमध्ये श्वासाचीही फट नाही.

रूपालीचा फोन येऊन गेला होता, एरंडोल सोडलं म्हणून. मी अक्कांच्या खाटेच्या कडेवर बसलो. चेहरा मेणासारखा. म्हटलं, "अक्का, पोरगी येतेय. थोडा वेळ. एवढा थोडा वेळ काढा."

काल जेमतेम रजईबाहेर आलेल्या त्या हातानं अक्कांनी माझं डावं मनगट पकडलं. चिमट्यासारखं. दुखलं मला. त्यांनी माझा तळवा ओढून आपल्याच तोंडावर ठेवला, दाबला, आणि डोळ्यांनी नानांच्या पाठीकडे दाखवलं. मी समजलो नाही. त्यांनी पुन्हा तेच केलं. तोंडावर तळवा. मग नाना.

मग समजलो.

मी नानांच्या पायांना हात लावत आलोय. त्यांच्या गाण्यात मी कधी खोकलोही नाही. त्यांची बैठक खाटेपासून हातभरावर होती. अक्का मनगट सोडेनात, म्हणून मी तसाच, एक हात त्यांच्या मुठीत ठेवून पुढे वाकलो, आणि दुसरा हात मागून नानांच्या तोंडावर घट्ट दाबला.

ओठ मिटलेले होते.

मिटलेले, कोरडे, सकाळच्या पितळेसारखे गार. माझ्या तळव्याला श्वास लागला नाही. जबडा हलत नव्हता, गळ्यात काही कंप नव्हता. आणि ओळ चालू होती. *कोन उना वं दारमा*, नानांच्या आवाजात, चौकापलीकडून. तिथंच संपली, आणि तिथूनच परत आली.

मी नानांच्या चेहऱ्यावर वाकलो. डोळे उघडे, समोर लागलेले, वाट बघून बघून शेवटी कोणी भेटलेल्या माणसासारखे समाधानी. त्यांच्या नजरेच्या दिशेनं मी पाहिलं. स्वयंपाकघरात उन्हाचा पट्टा आला होता. पाटाशी बसत्या उंचीवर एक वाफ. तिच्यासमोर, जरा वरच्या उंचीवर, दुसरी. एक विरली की दुसरी. आळीपाळीनं.

खिशात फोन वाजायला लागला. नानांच्या तोंडावरचा हात काढून मी तो उचलला.

"काका, पारोळ्याला पोचले," रूपाली म्हणाली आणि एकदम थांबली. मग तिचा आवाज चढला, लहान पोरीसारखा. "काका! ऐकू येतंय मला! नाना गातायत... आणि ती आई आहे ना? आई परत देतेय! किती मोकळा आवाज लागलाय तिचा! ऐका, गाडी-बिडी काही नको, मी कुणालाही कुठं नेत नाही. मी शपथ घेतली होती, मीच येऊन राहते तिथं. आजपासूनच. सांगा ना तिला! काका? आईच आहे ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. चौकापलीकडे त्या दोघांनी अंतरा उचलला, आणि माझ्या मनगटावरची अक्कांची बोटं एकेक करून सुटली.